पोट वाढतंय, पण कशानं?

बायांनो, ताई-वहिनींनो, आणि तांदूळ निवडता निवडता कान इकडे लावून बसलेल्या आज्यांनो! आम्ही वीरच्या बचत गटातल्या बाया बोलतोय.

आज पोटाविषयी बोलायचंय. आपल्या पोटाला आतून एक अस्तर असतं. त्या अस्तराला क्वचित कधी कॅन्सर होतो. तो ओळखायचा कसा, सोनोग्राफी, सीटी स्कॅन, एमआरआय हे पोटाचे फोटो आपल्याला काय सांगतात आणि काय सांगू शकत नाहीत, एवढाच आजचा विषय. आम्ही डॉक्टर नाही. पण दोन बायांबरोबर आम्ही दवाखान्याच्या बाकांवर दिवसच्या दिवस बसलोय, डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारलंय, आणि जे नीट समजलं तेवढंच इथं सांगतोय. दोघींनी आम्हाला त्यांची गोष्ट सांगायची परवानगी दिली आहे. नावं मात्र सांगणार नाही.

पहिली आमच्याच गटातली. वय सेहेचाळीस. लावणीच्या दिवसांत तिच्या लक्षात आलं, की परकराची नाडी रोजच्या गाठीवर येत नाही. आम्हीच म्हटलं, "वय झालं की सुटतंच पोट." गणपतीत तिनं एक मोदक खाल्ला आणि ताट सारलं. दोन घासांत पोट भरल्यासारखं होतंय, म्हणाली. मग कुणी म्हणालं गॅस, कुणी म्हणालं वात, कुणी ओवा दिला, कुणी हिंगाचं पाणी. एकीनं तर हसत विचारलं, "या वयात गं?" त्या दिवसापासून तिनं गटाच्या बैठकीला येणं सोडलं. चेहरा सुकत चालला, हात काडीसारखे झाले आणि पोट मात्र टम्म. दिवाळीनंतर महाडला सोनोग्राफी केली. पोटात पाणी निघालं. मग सीटी स्कॅन झाला. रिपोर्टात लिहिलं होतं, की पोटाचं अस्तर जाड झालंय, आतड्यांवरची चरबीची चादर गोळा होऊन घट्ट झाली आहे, आणि कॅन्सरची शक्यता वाटते.

दुसरी आमच्यातल्या एकीची नणंद, पोलादपूरच्या बाजूची. वय अठ्ठावन्न. तेच वाढलेलं पोट, तेच पाणी, आणि सीटीच्या रिपोर्टात जवळजवळ तेच शब्द.

पहिलीच्या घरी काय झालं ते आधी सांगतो, कारण ते आपल्यातल्या कुणाच्याही घरी होऊ शकतं. "शक्यता वाटते" हे शब्द कुणी वाचलेच नाहीत. "कॅन्सर" तेवढा वाचला. दीर म्हणाला, आता पैसे घालून उपयोग काय? ती स्वतःच म्हणाली, माझ्यापायी बकऱ्या विकू नका. फाइल माळ्यावर गेली आणि अकरा दिवस तिथंच राहिली. आम्हीसुद्धा त्या अकरा दिवसांत तिला भेटायला गेलो ते डोळ्याला पदर लावून, जणू ती गेलीच. याची आम्हाला आज लाज वाटते.

या दोघींपैकी एकीला कॅन्सर होता आणि एकीला नव्हता. कुणाला, ते पुढे सांगतो. आधी हे अस्तर काय असतं ते समजून घेऊ.

आपल्यातल्या कित्येक जणी ब्लाऊज शिवतात. ब्लाऊजला जसं आतून अस्तर लावतो, तसं पोटाच्या पोकळीला आतून एक पातळ, गुळगुळीत, चकचकीत अस्तर असतं. ते पोटाच्या भिंतीला आतून लागलेलं असतं आणि तिथून वळून आतडी, यकृत, गर्भाशय यांच्यावरही पसरलेलं असतं. सगळं उलगडून पसरलं, तर जवळजवळ आपल्या अंगावरच्या कातडीएवढं भरेल. त्यातच आतड्यांवर लोंबणारी चरबीची जाळीदार चादर असते. बकरं कापताना ती तुम्ही पाहिली असेल. एरवी या अस्तरात थोडासा ओलावा असतो, आतडी एकमेकांवर न घासता सरकावीत एवढाच. अस्तर आजारी पडलं की पाणी साठतं. त्यालाच आपण जलोदर म्हणतो.

पण जलोदर हे रोगाचं नाव नाही, ती खूण आहे. अंगणात पाणी साचलं तर पाऊस झाला, की पाइप फुटला, की शेजारच्याचं गटार तुंबलं, हे बघावं लागतं ना? तसंच. पोटात पाणी यकृत खराब झाल्यानं होतं, हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारानं होतं, टीबीनं होतं आणि कॅन्सरनंही होतं. कॅन्सरमध्येही बहुतेक वेळा तो अंडाशयात, जठरात किंवा मोठ्या आतड्यात सुरू होऊन मग अस्तरावर पसरलेला असतो. खास अस्तराचेच म्हणावेत असे कॅन्सर फार थोडे.

त्यातले तीन सांगतो. पहिला थेट अस्तरातच सुरू होतो आणि बहुतेक बायकांनाच होतो. वागायला तो अंडाशयाच्या कॅन्सरसारखाच, औषधंही जवळपास तीच. पण फोटोत अंडाशयं साधारण नेहमीसारखीच दिसतात आणि रोग सगळा अस्तरावर आणि चरबीच्या चादरीवर असतो. दुसरा जेलीसारखा चिकट पदार्थ तयार करणारा. तो बहुधा अपेंडिक्समधल्या छोट्या गाठीतून सुरू होतो. गाठ फुटते आणि पोटभर जेली साठत जाते. हा दहा लाख माणसांत वर्षाला एक-दोघांना होतो असं सांगतात, इतका दुर्मीळ. बायकांमध्ये कधी कधी तो आधी अंडाशयाची गाठ म्हणूनच समजला जातो.

तिसऱ्याचा संबंध अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीशी आहे. महाड-पोलादपूरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या कामाला मुंबईला गेली. मुंबईत घाटकोपर, मुलुंड भागात एके काळी अ‍ॅस्बेस्टॉस वापरणारे कारखाने होते. ही धूळ श्वासातून शरीरात गेली, तर पुढं वीस-चाळीस वर्षांनीही रोग निघू शकतो. कामगाराचे धुळीचे कपडे घरी झटकून धुणाऱ्या बायकोलाही ती धूळ लागते. म्हणून घरातलं कुणी असं काम केलं असेल, तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा. घरावर सिमेंटचे जुने पत्रे आहेत म्हणून मात्र घाबरू नका. पत्रा नुसता वर असल्यानं काही होत नाही, तो कापताना, फोडताना, भोकं पाडताना उडणारी धूळ वाईट. पत्रा काढायचाच असेल तर ओला करून, न फोडता उतरवा आणि पोरांना लांब ठेवा.

आता फोटोंकडे येऊ.

सोनोग्राफी म्हटलं की आपल्याला गरोदरपणच आठवतं. पण पोटात पाणी आहे का, हे बघायला तीच पहिली तपासणी. तिच्यात आवाजाच्या लाटा असतात, किरण नसतात. महाडमध्येही होते, खर्च कमी. थोडंसं पाणीसुद्धा दिसतं, अंडाशयाची गाठ दिसते, यकृत दिसतं. आणि सुई कुठं घालायची हे तिच्यात बघत बघत पाणी काढता येतं. अडचण एवढीच, की आतड्यातली हवा आड येते आणि पोटाचे काही कोपरे दिसतच नाहीत.

सीटी स्कॅन म्हणजे एक्स-रेच, पण चारी बाजूंनी घेतलेला. पावाच्या लादीचे काप करावे तसे तो पोटाचे पातळ पातळ काप करून दाखवतो. शिरेतून एक औषध देतात, त्यानं रक्तवाहिन्या आणि गाठी उठून दिसतात. ते औषध जाताना अंगात गरम लाट येते, लघवी झाल्यासारखं वाटतं. ते खरं नसतं, घाबरू नका. आधी रक्त तपासून मूत्रपिंडं ठीक आहेत का ते बघतात. दिवस गेले असण्याची शक्यता असेल, पूर्वी एखाद्या इंजेक्शननं अंगावर गांधी उठल्या असतील, साखरेच्या गोळ्या चालू असतील, तर लाजू नका, आधीच सांगा.

सीटीत अस्तराची जाडी दिसते, त्यावरचे गोळे दिसतात. चरबीची चादर आजारानं गोळा होऊन भाकरीसारखी जाड झालेली दिसते. जेलीचा आजार असेल तर यकृताच्या कडेला दाबून खळगे पडलेले दिसतात, कारण ते साधं पाणी नसतं, घट्ट जेली बाहेरून दाबत असते. अशा खुणांवरून जाणकार डॉक्टर अंदाज बांधतात. पण सीटीचेही डोळे कमी पडतात. तांदळाच्या दाण्याएवढे आणि त्याहून बारीक ठिपके, म्हणजे पाच मिलिमीटरच्या आतले, त्यातून बरेचदा सुटतात. विशेषतः लहान आतड्यांच्या घड्यांमधले. म्हणून "सीटीत काही नाही" याचा अर्थ "पोटात काही नाही" असा नेहमी होत नाही. पाणी आहे आणि कारण सापडत नाही, तर शोध तिथं थांबवायचा नाही.

एमआरआय चुंबकावर चालतो. असे बारीक ठिपके त्यात काही वेळा जास्त चांगले दिसतात. आत जाताना मंगळसूत्र, जोडवी, नथ, केसातल्या पिना सगळं काढावं लागतं. आमच्या पोलादपूरच्या वन्संनी मंगळसूत्र काढायला नकार दिला होता. शेवटी सूनबाईंनी गळ्यात काळा दोरा बांधला, तेव्हा त्या आत गेल्या. अंगात जुनी धातूची पट्टी, पेसमेकर असेल तर तेही सांगा.

पेट स्कॅनमध्ये थोडीशी किरणं देणारी साखर शिरेतून देतात. जी जागा साखर जास्त खाते, ती उजळते. कॅन्सर बहुधा उजळतो. पण इथं दोन फसव्या गोष्टी आहेत. जेलीवाला कॅन्सर बरेचदा फारसा उजळत नाही. आणि टीबी कॅन्सरसारखाच लखलखीत उजळू शकतो.

इथंच आजच्या बोलण्याचा गाभा आहे. पोटाच्या अस्तराचा टीबी आणि पोटाच्या अस्तराचा कॅन्सर फोटोत एकमेकांच्या जुळ्या बहिणींसारखे दिसू शकतात. टीबीत अस्तर सहसा एकसारखं जाड होतं, कॅन्सरमध्ये ओबडधोबड गोळे जास्त असतात, असे फरक डॉक्टरांना माहीत असतात. पण ते दर वेळी लागू पडत नाहीत. रक्तातली सीए १२५ नावाची तपासणी अंडाशयाच्या आणि अस्तराच्या कॅन्सरमध्ये वाढते, तशी टीबीतही वाढते. मग नाव कशानं कळतं? पाणी आणि तुकडा तपासून. फोटो रस्ता दाखवतो, घराचं दार तुकडाच उघडतो.

सोनोग्राफीत बघत सुईनं पाणी काढतात. ते पिवळसर आहे, रक्ताळ आहे, की जेलीसारखं असल्यानं सुईत येतच नाही, यातूनही कळतं. पाण्यात कॅन्सरच्या पेशी शोधतात, टीबीसाठी एडीए आणि इतर तपासण्या करतात. तेवढ्यानं भागलं नाही तर फोटोत बघून जाड सुईनं अस्तराचा किंवा चरबीच्या चादरीचा छोटा तुकडा काढतात. नाहीतर दुर्बिणीनं पोटात बघून तुकडा घेतात. दुर्बिणीत सीटीला न दिसलेले दाणेही दिसतात.

"सुई लावली की कॅन्सर पसरतो" हे आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. या भीतीनं तुकडा काढायचं टाळलं, तर रोगाला नावच मिळत नाही आणि औषध आंधळेपणानं चालू होतं. काही गाठींना डॉक्टर स्वतःच सुई लावत नाहीत, जसं अंडाशयातली न फुटलेली संशयाची गाठ. कुठं सुई लावायची आणि कुठं नाही, हेच तर फोटो बघून ठरवतात. ते त्यांच्यावर सोडा.

आता त्या दोघींचं सांगतो. आमच्या गटातली, जिची फाइल माळ्यावर अकरा दिवस होती, तिला कॅन्सर नव्हताच. बाराव्या दिवशी आशाताई घरी आल्या, त्यांनी फाइल खाली काढायला लावली. मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात तुकडा तपासला आणि टीबी निघाला. सहा महिने रोज गोळ्या घेतल्या, सरकारी दवाखान्यातून फुकट. टीबीच्या रुग्णाला औषध चालू असेपर्यंत खाण्यापिण्यासाठी सरकारकडून बँक खात्यात पैसे मिळतात. नोव्हेंबर २०२४ पासून ते महिन्याला १००० रुपये झाले आहेत. ती बरी झाली. यंदा लावणीला आमच्या पुढं होती.

पोलादपूरच्या वन्संना कॅन्सर होता, तोच थेट अस्तरात सुरू होणारा. पण त्यांचीही फाइल माळ्यावर गेली नाही, कारण तोवर आम्ही शिकलो होतो. आधी औषधांचे तीन फेरे, मग मोठं ऑपरेशन, मग पुन्हा औषधं. त्यांचं हे तिसरं वर्ष. दर काही महिन्यांनी तपासणीला जातात आणि परत आल्या की घावन घालतात. पूर्ण बऱ्या झाल्या असं डॉक्टर म्हणत नाहीत, आम्हीही म्हणत नाही. पण या तीन वर्षांत त्यांनी नातवाचं बारसं केलं, आणि ही वर्षं रोगाचं नाव वेळेवर कळल्यामुळं मिळाली.

ऑपरेशनआधी डॉक्टर पोटाचे तेरा भाग पाडतात आणि प्रत्येक भागाला रोगाप्रमाणे शून्य ते तीन गुण देतात. एकूण ३९. ही अशी परीक्षा आहे जिच्यात कमी गुण मिळाले तर बरं. गुण कमी असतील तर सगळा रोग काढता येण्याची आशा जास्त. काही रुग्णांमध्ये ऑपरेशन झाल्यावर तिथल्या तिथं पोटात ४१ ते ४३ अंशांपर्यंत गरम केलेलं औषध फिरवतात. ते सगळ्यांना लागू नाही आणि सगळीकडे होत नाही. हे गुण आधी सीटी-एमआरआयवरून काढतात, मग पोट उघडल्यावर पुन्हा मोजतात. म्हणून चांगला फोटो आणि तो वाचणारा सरावाचा डॉक्टर, दोन्ही हवेत. दुर्मीळ आजार रोज बघणारे डॉक्टर थोडे असतात, आणि अशा ठिकाणी फोटो वाचणारे, ऑपरेशन करणारे, औषधं देणारे एकत्र बसून ठरवतात.

असं एक ठिकाण म्हणजे परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय. ते २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं आणि १९६२ पासून केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाखाली आहे. त्याचंच एक केंद्र खारघरला आहे, म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्यात. रोहा ते वीर हा कोकण रेल्वेचा पहिला टप्पा १९९३ साली सुरू झाला, तेव्हापासून आपल्या दारात गाडी आहे. दिव्याच्या पॅसेंजरनं पनवेलला उतरलं की खारघर जवळ. कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना रेल्वेच्या तिकिटात सवलत मिळते, सोबतच्या एका माणसालाही. त्याचा फॉर्म रुग्णालयातून भरून घ्यायचा.

पैशाचं बोलू. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ साली दुसऱ्या नावानं सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला रायगड होता. आता तिच्यात आयुष्मान योजनेसह कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला भेटा. तपासणीचा कोणता खर्च योजनेत येतो आणि कोणता नाही, हे पैसे भरण्याआधी विचारा.

आता शेवटची चार कामं, लिहून घेतलीत तरी चालेल.

एक. पोट वाढतंय आणि अंग वाळतंय, दोन घासांत पोट भरतंय, पोटात सतत दुखतंय, असं दोन-तीन आठवडे जवळजवळ रोज होत असेल, तर ओवा-हिंग पुरे. दवाखाना गाठा.

दोन. डॉक्टरांना सगळं सांगा. संध्याकाळी ताप येतो का, घरात कुणाला टीबी झाला होता का, आई, बहीण, मावशीला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर होता का, अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं का. फोटो वाचणाऱ्याला ही माहिती मिळाली, तर तो काय शोधायचं ते समजून शोधतो.

तीन. रिपोर्ट हातात आला की तीन प्रश्न विचारा. हे नक्की आहे की शक्यता? नाव पक्कं करायला पाणी किंवा तुकडा तपासला का? नसेल, तर तो कुठं आणि कधी तपासायचा?

चार. फाइल जपा. नुसता रिपोर्ट नव्हे, सीटीच्या फिल्म आणि सीडीसुद्धा मागून घ्या. पुढचा डॉक्टर स्वतःच्या डोळ्यांनी बघेल, पुन्हा खर्च वाचेल. २०२१ च्या पुरात महाडच्या कितीतरी घरांतली कागदपत्रं चिखलात गेली, ते आपण विसरलो नाही. फाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून उंचावर ठेवा.

उंचावर ठेवा म्हटलं, पण माळ्यावर टाकून देऊ नका! आणि गटातली एखादी बैठकीला यायची बंद झाली, तर तिच्या घरी जा. पोटावरून हसू नका. बाजूला बसा आणि विचारा, "कधी जाऊया दाखवायला? मी येते बरोबर."

आमचं बोलणं संपलं. आता उठतो, भात ठेवायचाय. नमस्कार.